उरलेलं संपवायची सवय आणि वाढलेलं वजन – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, खूप दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच.

वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७१ किलो. लग्नात ५६ होतं, दुसऱ्या बाळंतपणानंतर ६३ आणि मग हळूहळू हे. थायरॉईड नॉर्मल आहे पण एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ५.९ आलं, डॉक्टर म्हणाले डायबेटिस नाही पण ५.७ च्या पुढे म्हणजे काठावर आहात, गोळी आत्ता नको, आधी खाण्याकडे बघा आणि तीन-चार किलो उतरवा. माझ्या आईला डायबेटिस होता, तिची नजर कशी कमी कमी होत गेली ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे हे मला मनापासून करायचंय.

प्लीज दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवणं की दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं थोडं खाणं हा वाद इथे नको, दोन्ही वाचलंय, दोन्हीने फरक पडलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. माझा प्रश्न वेगळाच आहे आणि तो मला आत्ता आत्ता कळलाय.

झालं असं की दहा दिवस जे खाल्लं ते वहीत लिहिलं. सकाळी पोहे नाहीतर उपमा, डब्यात तीन पोळ्या-भाजी, रात्री दोन पोळ्या आणि थोडा आमटी-भात, यात वजन वाढण्यासारखं काय आहे तेच समजेना. मग एका रात्री ओटा आवरताना लक्षात आलं. धाकट्याच्या ताटात अर्धी पोळी आणि वरणभाताचे चार घास, थोरलीने बाजूला सारलेले बटाटे, कुकरच्या तळाशी वाटीभर भात, उद्या फोडणीला टाकावा तर तेवढा पुरणारही नाही. आणि कढई. वांग्याची भाजी काढून घेतल्यावर कढईला जो मसाला आणि तेल राहतं ना, ते मी पोळीच्या तुकड्याने पुसून खाते, लहानपणापासून, आई भाकरीने पुसायची. हे सगळं उभ्या उभ्या, ताट न घेता, म्हणून मी ते जेवणात धरतच नव्हते. त्या दिवशी तोंडात घालायच्या आधी सगळं एका ताटलीत काढलं तर दीड पोळी, वाटीभर भात आणि तेलकट भाजी, सहज चारशेच्या आसपास कॅलरी असतील. माझं जेवण झाल्यावर हे! आणि रोज!

टाकून द्यायला हात होत नाही हो. माझं माहेर माणदेशातलं, आजीने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी खाऊन दिवस काढलेत, तिच्या ताटात कधी एक शीत राहिलेलं मी पाहिलं नाही. त्या घरात वाढल्यावर अन्न कचऱ्याच्या डब्यात टाकायचं म्हणजे पोटात कालवतं, आणि ते तसं वाटणं मला चुकीचंही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी करावी तर त्याला परत तेल.

दुसरी अडचण साबांची, म्हणजे सासूबाईंची. त्या सत्तरीच्या आहेत, पाचला उठून पोळ्या लाटतात म्हणून मला डोंबिवलीहून साडेआठची लोकल मिळते. पण अंदाज नेहमी दोन माणसं जास्तीचा, कोणी अचानक आलं तर उपाशी जायला नको म्हणून. ज्या बाईमुळे माझी नोकरी चाललीये तिला कमी करा कसं सांगू? तुमच्या घरी हे कसं बोललात, कुठल्या शब्दांत, ते खरंच सांगा.

आणि संध्याकाळी पाच ते आठ जी भूक लागते तिचं काय करता तेही लिहा, कारण स्टेशनबाहेर गरम वड्यांचा घाणा निघालेला असतो आणि दिवसभराचा निश्चय तिथेच गळतो.

----

अपडेट, तीन आठवड्यांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

ज्या ताईंनी लिहिलं होतं की साबांना स्वयंपाकाबद्दल बोलू नकोस, रिपोर्ट दाखव, त्यांचं ऐकलं. कागद पुढे ठेवला आणि आईच्या डोळ्यांचं सांगितलं, बाकी काही नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, मला आधी का नाही सांगितलंस. आता रात्रीच विचारतात उद्या किती पोळ्या आणि तेवढ्याच करतात. अचानक कोणी आलं तर कुकर लावायला वीस मिनिटं लागतात, हेही त्याच म्हणाल्या.

मुलांना आधी थोडं वाढते, हवं तर परत घ्या. कढईत अर्धी वाटी गरम पाणी घालून विसळते आणि ते आमटीत ओतते, चवही येते आणि वायाही जात नाही, ही आयडिया ज्यांनी दिली त्यांना खरंच नमस्कार. उरलंच तर छोट्या डब्यात फ्रीजमध्ये आणि सकाळी तोच माझा नाश्ता, वेगळे पोहे नाहीत. उभ्याने मात्र काही तोंडात टाकायचं नाही, एवढा एकच नियम कडक ठेवलाय.

तेलही मोजलं. पाच जणांत महिन्याला पाच लिटर म्हणजे माणशी रोज ३३ मिली, त्याच्याच पावणेतीनशे कॅलरी होतात! आता चार लिटरवर आणायचा प्रयत्न आहे. हैदराबादच्या एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) २०२४ च्या आहारपत्रकात निम्मं ताट भाज्या-फळांचं सांगितलंय, माझ्या ताटात भाजी डावीकडे चमचाभर कोशिंबीर आणि उजवीकडे एक डाव इतकीच असायची, आता दोन डाव घेते आणि पोळी एक कमी. पर्समध्ये फुटाणे असतात, पाचला ऑफिसमध्येच खाते, स्टेशनवर उतरते तेव्हा पोट अगदी रिकामं नसतं. दोनदा वडापाव झाला, तोही वहीत लिहिला.

वजन ६९.८.

आता एकच राहिलंय, गुरुवारचा उपास. मी आणि साबा दोघीच करतो पण खिचडी सगळ्यांनाच हवी असते, साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाहीच, वर दाण्याचं कूट, तूप, बटाटा, आणि ती उरली की मला पुन्हा जुनी सवय खुणावते. भगर आणि दाण्याची पातळ आमटी करावी म्हणते, सोबत काकडी-ताक. पाच जणांना पुरेल आणि उरणार नाही असं भगरीचं प्रमाण कोणी वाटीच्या मापात सांगेल का? दोन मुलं धरून, धाकटा सात वर्षांचा आहे.