मदत हवी आहे: हस्की कुत्री, कोंबड्या-शेळ्या आणि बर्फात न चालणारं झटका मशीन

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा अवचित वाटेल, पण इथे शेळ्या-कोंबड्यांतले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते.

आम्ही अलास्कात, फेअरबँक्सच्या बाहेर राहतो. नवऱ्याला स्लेजचं (कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाडीचं) वेड, त्यामुळे दारात नऊ अलास्कन हस्की. प्रत्येकाचं वेगळं लाकडी घर, आत पेंढा, बाहेर खांबाला साखळी. मी फलटणकडची, जनावरांशिवाय अंगण ओकंबोकं वाटतं, म्हणून डझनभर कोंबड्या आणि दोन बुटक्या नायजेरियन शेळ्या आणल्या. माहेरचा कुत्रा कोंबड्यांच्या घोळक्यात पाय पसरून झोपायचा. इथे तसली आशा नको. पंखांची फडफड दिसली की हस्कीला स्वतःचं नावही ऐकू येत नाही.

खुराडं आणि गोठा यांच्याभोवती झटका मशीनच्या (कुंपणाला विजेचा सौम्य धक्का देणाऱ्या यंत्राच्या) पाच तारा आहेत, सौर पॅनलवर चालणाऱ्या. लावल्या होत्या अस्वलांसाठी, पण उन्हाळ्यात कुत्र्यांनीही एकेकदा नाक लावून धडा घेतला. आता बर्फ साचल्यावर राणी (स्लेजच्या पुढे धावणारी आमची म्हातारी लीडर कुत्री, वयामुळे मोकळी असते) तारांमधून सरळ आत गेली आणि दोन कोंबड्या मारल्या. मशीनची टकटक चालू आहे. मग झटका का बसत नाही?

आणखी दोन गोष्टी. थंडी उणे ३०च्या खाली जाते म्हणून खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवल्या, तरी कोंबड्यांच्या तुऱ्यांची टोकं काळी पडलीत. आणि शेजारी त्याची शेळी कापतो तेव्हा वजडी, काळीज, फुफ्फुसं कच्चीच आमच्या कुत्र्यांसाठी देतो. चालेल का?

प्रतिसाद १
ताई, झटका बसायला करंट तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि तिथून अर्थिंगच्या दांड्यातून परत मशीनकडे यावा लागतो. तुमच्याकडचा कोरडा, भुसभुशीत बर्फ वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही आणि खालची माती गोठली की तीही निकामी. राणी बर्फावर उभी होती, वर्तुळ पूर्ण झालंच नाही.

उपाय: एक तार करंटची, एक अर्थची, पुन्हा करंटची, अशा आलटून-पालटून तारा करा. दोन्हींना एकदम अंग लागलं की जमिनीची गरज उरत नाही. त्यासाठी तारांमधलं अंतर कमी ठेवा. बर्फाखाली गेलेल्या करंटच्या तारा तात्पुरत्या सोडवा, नाहीतर ओला बर्फ झाला की जोर तिथेच गळतो.

आणि सौर पॅनल? डिसेंबरच्या शेवटी फेअरबँक्सला दिवस चार तासांचाही नसतो आणि सूर्य क्षितिज सोडत नाही. त्यात थंडीने बॅटरीची ताकद घटते. टकटक ऐकू येते म्हणजे जोर आहे असं नाही. टेस्टर लावून बघा, ५,००० व्होल्टच्या खाली असेल तर घरातल्या विजेवर चालणारं मशीन घ्या. हस्कीचा आतला दाट कोट अंगाला झटका लागू देत नाही, म्हणून एक तार नाकाच्या उंचीवर हवीच.

प्रतिसाद २
वरच्यांचं बरोबर आहे, पण कुत्र्यासाठी एकट्या झटक्यावर विसंबू नका. मी नॉर्वेत अशीच कुत्री सांभाळतो. वेल्डेड जाळीचा पिंजरा करा, वरूनही जाळी. खाली जमिनीवर दोन फूट रुंद जाळी आडवी बाहेर पसरून ठेवा, म्हणजे कडेला खणता येत नाही. कुंपणाला टेकून बर्फाचा ढीग साचू देऊ नका, त्याची आयती पायरी होते.

राणीला रागावून काही साधणार नाही. अलास्कन हस्की ही नोंदणीकृत जात नव्हे, कामासाठी निवडत आणलेली मिश्र कुत्री. त्यामुळे स्वभाव कुत्र्यागणिक वेगळा. पिल्लापासून शेळ्यांसोबत वाढलेली काही शेळ्यांना त्रास देत नाहीत, पण कोंबडीच्या बाबतीत मी कुणाचीच खात्री देणार नाही. राणी मोकळी असेल तेव्हा खुराडं बंद, बस.

प्रतिसाद ३
मी पशुवैद्य आहे. तुरा काळा पडतो तो नुसत्या थंडीने नाही, ओलाव्याने. कोंबड्यांचा श्वास आणि विष्ठा यांची वाफ बंद खुराड्यात अडकते आणि तुऱ्यावर गोठते. छताजवळ, बसायच्या दांडीच्या बरंच वर, झरोके उघडा. वाऱ्याचा झोत अंगावर नको, वाफ मात्र बाहेर जायला हवी. दांडी रुंद, सपाट घ्या, म्हणजे पिसांखाली पाय झाकले जातात. ऊब द्यायचीच तर लटकता लाल दिवा नको, आगी लागतात. भिंतीला पक्का बसवलेला पॅनल हीटर बरा. पुढच्या वेळी वायनडॉट किंवा शांतक्लेर जातीच्या कोंबड्या घ्या, यांचे तुरे लहान असतात.

कच्ची वजडी आजपासून बंद. हे तुमच्या तिन्ही प्रश्नांत सगळ्यात गंभीर आहे आणि तुम्ही ते शेवटी विचारलंत! शेळीच्या काळीज-फुफ्फुसातल्या गाठींमधून कुत्र्याला फीतकृमी होतात, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर येतात आणि शेळ्या पुन्हा बाधित होतात. हायडॅटिडच्या (अशाच एका फीतकृमीच्या गाठींच्या रोगाच्या) बाबतीत ती अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुफ्फुसात गाठी होतात. आपल्याकडे मेंढपाळांच्या कुत्र्यांतही हेच चक्र दिसतं आणि तुमच्याकडे मूसमधूनही येतं. नीट शिजवून द्या. जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेल (फीतकृमीवरचं औषध) आहे का ते बघा, सगळ्या गोळ्यांत नसतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! टेस्टर लावला, जेमतेम १,८०० दाखवतोय. झरोके आजच उघडले. शेजाऱ्याला आता वजडीचं सांगायचंय, तो मनाला लावून घेणार नाही अशी आशा. एकच शंका: अर्थच्या तारा फक्त मशीनला जोडायच्या की जमिनीतल्या दांड्यालाही?

प्रतिसाद १
दोन्हीला. म्हणजे बर्फ वितळल्यावर परत काही बदलायला नको.