मदत हवी आहे: बँक्सियाची पालवी पिवळट-तांबूस येतेय, सुपरफॉस्फेट द्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही पर्थच्या उत्तरेकडच्या भागात राहतो. परसात बँक्सिया या इथल्या स्थानिक झाडाची दोन झाडं आहेत, एक मेंझिएसी जातीचं आणि एक अटेन्युएटा जातीचं. जमीन म्हणजे निव्वळ राखाडी वाळू. यंदा दोन्ही झाडांना भरपूर पालवी फुटली आहे, पण हिरवी नाही. शेंड्याची पानं फिकट, काही तांबूस, बोट फिरवलं की मऊ लव लागते. त्याखालची जुनी पानं मात्र गर्द हिरवी, जाड आणि दातेरी कडांची.

बाबा राजापूरला आंबा-काजू करतात. फोटो पाहून म्हणाले, "स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतंय, शेणखतात मूठभर सुपर मिसळून दे." जांभ्याच्या सड्यावर त्यांनी कलमं जगवली आहेत, त्यामुळे त्यांचा सल्ला सहज बाजूला ठेववत नाही. इथले शेजारचे आजोबा मात्र म्हणतात, सुपर टाकलंस तर झाड जाईल. अजून काहीच घातलेलं नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पालवीचा हा रंग उपासमारीचा आहे की झाडाचा स्वभावच तसा? आणि या वाळूत स्फुरद जवळजवळ नाहीच, तर मिळेल तेवढ्यात पान भागवतं कसं? बाबांना नीट कारण सांगता यायला हवं, नुसतं "इथे चालत नाही" म्हटलेलं त्यांना पटणार नाही.

प्रतिसाद – परसबाग

सुपर अजिबात देऊ नका. स्फुरद कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून ते काढून कोवळ्या पानांना पुरवतं, म्हणून लक्षणं आधी जुन्या पानांवर दिसतात. तुमची जुनी पानं गर्द हिरवी आहेत म्हणताय, म्हणजे काळजीचं कारण दिसत नाही.

प्रतिसाद – मातीवेडा

परसबाग यांच्याशी सहमत. कारण जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय फार सुंदर आहे.

पानातलं स्फुरद एकाच ठिकाणी नसतं. काही पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या पाण्याच्या पिशवीत, साठा म्हणून असतं, काही पेशीपटलांच्या मेदांत, काही साखरेच्या देवघेवीतल्या रेणूंत. कामाला लागलेल्या स्फुरदातला सर्वांत मोठा वाटा असतो आरएनएचा, त्यातही रायबोसोमच्या आरएनएचा. रायबोसोम म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रणा. पान वाढवायचं तर ती हवीच, आणि तिला स्फुरद भरपूर लागतं.

बँक्सिया आणि तिच्याच कुळातली हाकिया काटकसर करतात ती नेमकी इथेच. त्यांच्या पानांत रायबोसोमच कमी असतात. शिवाय सगळी कामं एकदम काढत नाहीत. कोवळ्या पानात आधी पेशी वाढवणारे रायबोसोम असतात. पान आकाराला आलं की मग हरितलवकातले (पेशीतल्या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या भागातले) रायबोसोम वाढतात आणि हरितद्रव्य तयार होतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या झाडांवरचं हे काम २०१४ साली प्रसिद्ध झालं. तुम्हाला दिसतोय तो फिकट रंग याच मधल्या टप्प्याचा.

दुसरी काटकसर मेदांत. पान पिकत जाताना पेशीपटलांतले स्फुरदयुक्त मेद कमी होतात आणि त्यांच्या जागी साखरेचे व गंधकाचे मेद येतात. वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स लाम्बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१२ साली दाखवलं. तिसरी गोष्ट जागेची. पानाच्या वरच्या सालीच्या पेशींना स्फुरद जवळजवळ मिळतच नाही, ते मधल्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशींसाठी राखलं जातं. पिकाच्या निरोगी पानात कोरड्या वजनाच्या साधारण ०.२ टक्के स्फुरद धरतात. यांच्या पानात बहुधा ०.०५ टक्क्यांच्याही खाली असतं, आणि तरी प्रकाशसंश्लेषणाचा वेग चांगला असतो.

बाबांचं म्हणणं त्यांच्या जमिनीपुरतं योग्यच आहे. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरद घट्ट धरून ठेवतात, म्हणून थोडं जास्त घालावं लागतं. तुमच्या राखाडी वाळूत धरून ठेवायला काहीच नाही. जे घालाल ते थेट मुळांपुढे येणार. आणि यातल्या बऱ्याच जातींना पुरे झालं तरी शोषण आवरता येत नाही. पानात स्फुरद साचतं, कडा करपतात, काळे डाग पडतात, पुढे झाड मरतं. जुनी पानं करपू लागली किंवा पूर्ण वाढलेल्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा राहिला, तर मात्र लगेच इथे लिहा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, जांभ्याचा मुद्दा त्यांना लगेच पटला. आता त्यांचा प्रश्न: खाली पडलेला पाला गोळा करून खत करावं का? आणि त्याच वाफ्यात लिंबू आणि कढीपत्ता आहे, त्यांना तर खत लागणारच.

प्रतिसाद – मातीवेडा

पाला तिथेच राहू द्या. बँक्सिया पान गाळण्याआधी त्यातलं सुमारे ८० टक्के स्फुरद परत काढून घेते, त्यामुळे खत म्हणून त्यात फारसं उरत नाही. पण त्या पाल्याखालीच तिची झुबकेदार मुळं पसरतात. ती सेंद्रिय आम्लं सोडून मातीतलं उरलंसुरलं स्फुरद मोकळं करतात, म्हणून तिथे खणूही नका.

लिंबू आणि कढीपत्ता मोठ्या कुंड्यांत हलवा आणि कुंड्यांचं पाणी बँक्सियाकडे वाहणार नाही असं बघा. वाळूत घातलेलं स्फुरद पाण्याबरोबर सहज पसरतं.

प्रतिसाद – परसबाग

कुंड्यांसाठी खत घेताना पिशवीवरचे आकडे बाबांच्या हिशोबाने लावू नका. भारतात सिंगल सुपरवर १६ टक्के लिहितात ते ऑक्साइडच्या रूपात, म्हणजे निव्वळ स्फुरद साधारण ७ टक्के. ऑस्ट्रेलियात पिशवीवर निव्वळ स्फुरदच छापतात. पालवी पूर्ण वाढली की त्याच फांदीचा फोटो टाका.