गावाच्या खात्यात आलेला निधी: तीन वर्षांनी काय उभे आहे?

निमंत्रण

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पंचायत विभागाचा विस्तार अधिकारी म्हणून मी २८ वर्षे नोकरी केली. त्या काळात निधीच्या मंजुरीचे हजारो कागद माझ्या हाताखालून गेले. मात्र त्या कामांचे पुढे काय झाले, हे सांगणारा कागद माझ्या टेबलावर एकदाही आला नाही, कारण निधी खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र सादर झाले की कार्यालयापुरते काम संपलेले असते.

२०१५ पासून, म्हणजे १४ व्या वित्त आयोगापासून, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला. १५ व्या आयोगात पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांना प्रत्येकी १० टक्के वाटा मिळाला, तरी ८० टक्के रक्कम ग्रामपंचायतींकडेच राहिली. त्याशिवाय पेसा (आदिवासी क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), उमेद (महिला बचत गटांचे राज्य अभियान), ठक्कर बाप्पा (आदिवासी वस्त्यांची सुधारणा), जनसुविधा आहेत, आणि ज्याला आपण सर्व जण नुसते ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतो ते गावातील मूलभूत सुविधांचे २५१५ हे लेखाशीर्षही आहे. अशा निधीतून आपल्या गावात झालेल्या कामाचा अनुभव येथे लिहावा, ही विनंती. किती रक्कम मंजूर झाली, हे कृपया लिहू नये. ते फलकावर असतेच. काम होऊन दोन-तीन वर्षे उलटल्यावर काय उभे आहे, ते कोण चालवते आणि बिघडले तर पैसे कोठून येतात, एवढेच लिहावे. तालुका कळला तरी पुरे आहे; गाव, अधिकारी आणि ठेकेदार यांची नावे टाळावीत.

माजी सरपंच, चोपडा तालुका

आमच्या गावाची लोकसंख्या १,९०० आहे आणि माझ्या कार्यकाळात वित्त आयोगाचे वर्षाला १० लाखांच्या आसपास रुपये हप्त्याहप्त्याने येत असत. हा आकडा गावात कळला, की ज्याला त्याला आपल्या दारापुढचा रस्ता दिसू लागतो. प्रत्यक्षात १५ व्या आयोगात त्यातील ६० टक्के रक्कम बंधित असे, निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी, आणि उरलेल्या ४० टक्क्यांतूनही पगार किंवा कार्यालयाचा खर्च भागवता येत नसे. आमची खरी अडचण शिवारात जाणाऱ्या पांदण रस्त्याची होती, कारण पावसाळ्यात तेथे ट्रॅक्टर रुतत असे आणि केळीचे घड बांधापर्यंत डोक्यावर वाहून आणावे लागत. तरीही पहिल्या दोन वर्षांत आम्ही भूमिगत गटार केली, कारण स्वच्छतेचा पैसा तेथेच बसत होता आणि खर्च झाला नाही तर पुढचा हप्ता अडकेल, अशी भीती सर्वांना होती.

त्या गटारीचा उतार यंत्राने न काढता नजरेने काढला गेला. पाइप अरुंद पडला, त्यात गोठ्यांचे शेण आणि भांडी घासलेली राख जाऊ लागली, आणि आज पावसाळ्यात ती गल्ली पूर्वीपेक्षा जास्त तुंबते. त्या देयकावर माझी स्वाक्षरी आहे, त्यामुळे येथे दुसऱ्या कोणाला बोल लावण्याचा मला अधिकार नाही.

पाण्याच्या पैशातून २०२१ मध्ये शुद्ध पाण्याचे आरओ यंत्र बसवले, ते मात्र आजही चालते. सुरुवातीला पाणी फुकट द्यावे, असा आग्रह होता. आमच्या गावातील एका वयस्कर आप्पांनी ग्रामसभेत उभे राहून विचारले, की फुकट पाण्याचे वीजबिल कोण भरणार आहे. त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. शेवटी ५ रुपयांत २० लिटर असा दर ठरला आणि यंत्र एका बचत गटाकडे चालवायला दिले. महिन्याला साधारण ९,००० रुपये जमतात; वीजबिल आणि चालवणाऱ्या ताईंचे मानधन जाऊन दोन-अडीच हजार उरतात, ते ग्रामसभेच्या ठरावाने वेगळ्या खात्यात ठेवले जातात. आतापर्यंत दोनदा यंत्राचे मेंब्रेन (पाणी गाळणारा पडदा) बदलले, ते त्याच पैशांतून.

नव्या सरपंचांसाठी एक गोष्ट लिहून ठेवतो. वित्त आयोगाचे देयक सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय जात नाही. (ग्रामसेवकाचे पदनाम २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी झाले असले, तरी आमच्याकडे त्यांना हाक अजून ‘भाऊसाहेब’ अशीच मारतात.) माझ्या स्वाक्षरीचे डोंगल पहिले सहा महिने दुसऱ्याच्याच ड्रॉवरमध्ये होते आणि ते मागून घ्यायचा मला संकोच वाटत होता. असा संकोच करू नये.

बचत गटाच्या सचिव, रावेर तालुका

आम्ही १० जणी आहोत. उमेदच्या फिरत्या निधीवर पापड-कुरडयांपासून सुरुवात केली आणि नंतर केळीच्या वेफर्सकडे वळलो, कारण जळगाव जिल्ह्यासाठी सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत केळी हेच पीक निवडलेले आहे. या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळते, हे वाक्य आम्ही प्रशिक्षणात इतक्या वेळा ऐकले होते, की ते पैसे आपल्या हातात येतील, असाच आमचा समज झाला. आमचा प्रकल्प ६ लाखांचा होता. त्यातील ६० हजार आम्ही स्वतः उभे केले, बाकीचे बँकेचे कर्ज. २ लाख १० हजारांचे अनुदान आले, ते बँकेतच आमच्या नावे वेगळे ठेवले गेले. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, परंतु तीन वर्षे हप्ते नीट भरले आणि उद्योग चालू राहिला तरच ती कर्जात वळती होते. ज्या ताईंनी अनुदान मंजूर झाले म्हणून पेढे वाटले होते, त्या हे समजल्यावर आठ दिवस गटाच्या बैठकीला आल्या नाहीत.

कर्ज मागायला गेलो, त्या पहिल्या शाखेने आमच्या यजमानांचे सातबारा मागितले. गटाला कर्ज देताना असे तारण मागायचे नसते, हे आम्हाला उमेदच्या ताईंनी सांगितले, म्हणून आम्ही दुसऱ्या शाखेत गेलो. त्यानंतर काप करण्याचे यंत्र आणि मोठी कढई आली, पण थ्री-फेज जोडणी मिळेपर्यंत यंत्र सात महिने ताडपत्रीखाली पडून होते. हप्ते मात्र सुरू झाले होते. ते आम्ही केळीच्या बागेत मजुरी करून भरले, आणि याच काळात चार जणी गट सोडून गेल्या. त्यांना मी दोष देत नाही.

उरलेल्या सहा जणी आज काम करतो. ‘वापसी’ म्हणून व्यापारी ज्या मालाचा भाव पाडतात, त्यातील कच्ची, टणक केळी आम्ही थेट शेतातून घेतो. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात आणि आम्हाला माल स्वस्त पडतो. श्रावण, नवरात्र आणि एकादशीच्या दिवसांत आम्हाला उसंत नसते, मार्च ते मे मात्र यंत्र आठवड्यातून दोनच दिवस चालते. अनुदान नसते तर कोणत्याही बँकेने आम्हाला दारात उभे केले नसते, हेही खरे आहे. तीन वर्षे येत्या पौषात पूर्ण होतील.

प्राथमिक शिक्षक, अक्राणी तालुका

आमचा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी उपयोजनेच्या रकमेतील ५ टक्के निधी २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभेने ठरवायचे असते. नियम उत्तम आहे. अडचण अशी, की आमची एक ग्रामपंचायत म्हणजे डोंगरावर विखुरलेले ११ पाडे, आणि ग्रामसभा भरते ती रस्त्यालगतच्या पाड्यात. त्यामुळे पहिली तीन वर्षे निधीही त्याच पाड्यात मुरला.

दुसरी अडचण तारखांची आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी निम्मे लोक ऊसतोडीसाठी गुजरातमध्ये असतात. मी शाळेत झेंडावंदनाला बसलेल्या आजी-आजोबांच्या अंगठ्यांवर वर्षाचा आराखडा मंजूर होताना पाहिला आहे. लोक परत येतात ते होळीला. भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत पाड्यावर प्रत्येक घरातील माणूस असतो. म्हणून आमच्या पाड्यातील काही तरुणांनी होळीच्या आठवड्यातच पाड्याची वेगळी सभा घ्यायला सुरुवात केली. २०१४ च्या महाराष्ट्राच्या पेसा नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होता येते. त्यासाठीचा आमचा प्रस्ताव अजून वरच्या कार्यालयात आहे, परंतु तोवर ग्रामपंचायतीने पाड्याच्या सभेचा ठराव मानायचा, एवढे आपापसांत ठरले.

त्या सभेने जे मागितले, ते मला शिक्षक म्हणून फारसे पटले नव्हते. मला वाचनालय हवे होते आणि लोकांनी लग्नकार्याची मोठी भांडी मागितली. कढया, हंडे, ताटे आणि सतरंज्या घेतल्या. आज आजूबाजूच्या पाड्यांतून ती भांडी भाड्याने जातात आणि त्या भाड्यातून सौरपंपाची दुरुस्ती होते. वाचनालयाची खोली शेजारच्या ग्रामपंचायतीने बांधली होती. तिला कुलूप आहे.

शेतकरी, साक्री तालुका

आमच्या तालुक्यातील बारीपाड्याचे नाव आता सर्वांना ठाऊक आहे. तेथील जंगल राखण्यात पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आम्ही २० जण तेथे जाऊन आलो होतो. तेथील ४०० हेक्टरांहून अधिक जंगल पाहून आमच्यातील प्रत्येकाने विचारले, की यासाठी कोणती योजना होती. आम्हाला मिळालेले उत्तर जवळजवळ सगळे नियमांविषयी होते: कुऱ्हाड कोणी चालवायची नाही, चालवली तर दंड किती, राखण कोणी करायची. योजना त्या नियमांच्या मागून आल्या.

आम्ही उलट्या क्रमाने गेलो. जलयुक्त शिवारातून आमच्या टेकडीवर पाणी अडवणारे सलग समतल चर खोदले गेले आणि ते काम मोजमापात अगदी चोख होते. चराईबंदीचा ठराव मात्र कागदावरच राहिला, कारण शेळ्या ज्यांच्या आहेत, त्यांच्याकडे दुसरे काही नाही आणि त्यांना सभेत कोणी विचारलेही नव्हते. तीन पावसाळ्यांत चर गाळाने भरले. त्यानंतर गाळ काढण्यासाठी पुन्हा निधी मागावा, असा ठराव झाला, तेव्हा माझ्या वडिलांना हसू आवरले नाही. माझे आजोबा पांझरा नदीच्या फडावर, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या सिंचनावर, पाणी वाटणारे पाटकरी होते. फडाचा पाट दरवर्षी लाभधारक स्वतः साफ करत आणि जो येत नसे, त्याच्या वाट्याचे पाणी अडत असे.

आता शेळ्या असलेल्या कुटुंबांशी बोलून टेकडीचा एक भाग आलटूनपालटून बंद ठेवायचे ठरले आहे. दोन हंगाम झाले. एवढ्यावर काही सांगता येत नाही.

सुरतस्थित कामगार, मूळ शिंदखेडा तालुका

मी वर्षातून दोनदा सणाला गावी येतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि कानबाईच्या रोटांना. प्रत्येक वेळी एक नवे काँक्रीट दिसते. आमच्या गल्लीत आता कडेपासून कडेपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत आणि १४ घरांपैकी नऊ घरांना कुलूप आहे. मंदिराजवळ दोन सभामंडप आहेत, पण गावात तांत्रिक काम शिकलेल्या मुलाला बसायला एक शेड नाही.

निवृत्त शाखा अभियंता, जळगाव

सुरतच्या दादांची तक्रार रास्त आहे, म्हणून सभामंडप का होतात, ते सांगतो. कोणत्याही बांधकामाच्या प्रस्तावाला जागा ग्रामपंचायतीच्या नावे असल्याचा नमुना ८ चा उतारा लागतो, आणि बहुतेक गावांत अशी मोकळी जागा मंदिराजवळच असते. ‘पंचवीस-पंधरा’ची कामे लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने होतात, सभामंडप एका वर्षात पूर्ण होतो, त्याचे अंदाजपत्रक तयार असते आणि त्याला गावात कोणी विरोध करत नाही. पांदण रस्त्याला मात्र बांधावरचे शेतकरी हरकत घेतात, आणि मार्चअखेर जवळ आली, की हरकतीचे काम बाजूला ठेवून बिनहरकतीचे काम पुढे केले जाते. मीही ते केले आहे.

दुरुस्तीसाठी बहुतेक योजनांत तरतूद नसते. ती स्वउत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीतून करायची असते. त्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या गावात निम्म्या घरांना कुलूप आहे, तेथे वसुलीच किती होणार? चोपड्याच्या आप्पांनी ग्रामसभेत विचारलेला वीजबिलाचा प्रश्न अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर असायला हवा होता. माझ्या संपूर्ण नोकरीत तसा रकाना मी पाहिला नाही.

ग्रामपंचायत सदस्य, अमळनेर तालुका

आमच्याकडे मुदत संपल्यावर निवडणूक लांबली आणि प्रशासक आले. निवडून आलेली कार्यकारिणी नसेल, तर वित्त आयोगाचा निधी मिळत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. त्या काळात पाण्याची मोटार जळाली आणि गल्लीगल्लीतून ५० रुपये वर्गणी काढून ती भरून आणली. वर्गणी दोन दिवसांत जमली. ज्यांची पाणीपट्टी चार वर्षे थकली होती, त्यांनीही दिली.

माजी सरपंच, चोपडा तालुका

अक्राणीच्या गुरुजींना एक विचारायचे होते. भांड्यांचे भाडे आपण नगावर घेता की कार्यक्रमावर, आणि हरवलेल्या ताटांचा हिशेब कोण ठेवते? आमच्या बचत गटाने हा विषय येत्या महिला सभेत घेतला आहे.

प्राथमिक शिक्षक, अक्राणी तालुका

कार्यक्रमावर घेतो, पाड्यातल्यांना २०० रुपये आणि बाहेरच्यांना ५००. हिशेब दोन बहिणींकडे आहे. दोघींना लिहिता येत नाही, म्हणून त्या एका डब्यात ताटामागे एक चिंचोका टाकतात आणि ताटे परत आली, की तेवढे चिंचोके काढतात. चार वर्षांत सात ताटे गेली; त्यांतील पाच माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हरवली आणि त्यांचे पैसे मी भरले.