डॉकरच्या सेटिंग फाइलमधल्या ‘डिफॉल्ट’ला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ:
सांगलीत डिप्लोमाच्या मुलांसाठी डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर) मराठी नोट्स काढतोय. ‘डीमन.जेसन’वर, म्हणजे डीमनच्या (मागं सतत चालणारा डॉकरचा मुख्य प्रोग्रॅम) सेटिंग फाइलवर आलो आणि अडलो. वाक्य आहे, ‘लॉगचा डिफॉल्ट ड्रायव्हर जेसन-फाइल आहे.’ (लॉग म्हणजे कंटेनरच्या नोंदी, त्या कशा साठवायच्या ते ड्रायव्हर ठरवतो.) ‘पूर्वनिर्धारित’ घातलं की पोरं एकमेकांकडं बघतात. ‘मूळ ड्रायव्हर’ चालेल का?

माहुली:
‘मूळ’ नको. मूळ म्हणजे आधी होतं ते. लिनक्सवर डॉकर टाकलं तरी ही फाइल बहुतेक वेळा नसतेच, आपणच तयार करायची. तरी डॉकर चालतं, कारण आपण जे सांगितलं नाही ते ते धरून चालतं. म्हणून ‘गृहीत’. गृहीत ड्रायव्हर, डेटाची गृहीत जागा. मुलं भूमितीत ‘गृहीत धरू’ ऐकूनच आलेली असतात. फक्त ‘गृहीतक’ लिहू नका, तो वेगळा शब्द.

विश्रामबाग:
‘गृहीत’ पटलं, पण कुणी गृहीत धरलं तेही लिहा. तुम्ही फाइलमध्ये लॉग-ड्रायव्हर दिलात, की तोच पुढच्या प्रत्येक कंटेनरसाठी गृहीत होतो. कंटेनर चालवताना वेगळा ड्रायव्हर दिला तर तो वरचढ. म्हणजे एक गृहीत डॉकरचं, दुसरं तुमचं. ‘पूर्वनिर्धारित’मध्ये हे दोन्ही एकाच गाठोड्यात जातात.

कृष्णाकाठ:
म्हणजे ‘ओव्हरराइड’ला ‘वरचढ ठरणे’. झकास. मग डीमन सुरू करायच्या कमांडमध्ये एक आणि फाइलमध्ये दुसरं दिलं तर कोण वरचढ?

विश्रामबाग:
कुणीच नाही! तिथं हा शब्द वापरलात तर मुलं फसतील. एकच सेटिंग डीमनच्या कमांडमध्येही असेल आणि फाइलमध्येही, तर डीमन सुरूच होत नाही. दोन्हीकडं किंमत सारखी असली तरी नाही. साधं लिहा, ‘दोनदा सांगू नये’. ‘होस्ट्स’ (डीमननं कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) फाइलमध्ये घातलं की सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्रॅम) मशीनवर नेमकं हेच होतं, कारण तिथल्या सर्व्हिस फाइलमध्ये ते आधीच दिलेलं असतं.

माहुली:
अजून एक शब्द सुचवतो, सरकारी आहे पण इथं चपखल बसतो. जेसन-फाइल ड्रायव्हरमध्ये लॉगला आकाराची मर्यादा गृहीत नसते, डिस्क भरेपर्यंत फाइल फुगते. म्हणून आपण ‘मॅक्स-साइझ’ (एका फाइलचा आकार) आणि ‘मॅक्स-फाइल’ (किती फाइली ठेवायच्या) घालतो, डीमन रीस्टार्ट करतो, तरी जुन्या कंटेनरचे लॉग फुगतच राहतात. हे बदल ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ लागू होत नाहीत. कंटेनर काढून नव्यानं बनवला तरच. वेतन आयोगाच्या फरकामुळं घरोघरी कळलेला शब्द आहे, समजावून सांगावा लागत नाही.

कृष्णाकाठ:
घेतला. ‘रीस्टार्ट’ आणि ‘रीलोड’?

माहुली:
रीस्टार्ट तसंच ठेवा, ‘पुनःप्रारंभ’ कुणी म्हणत नाही. रीलोडला ‘फाइल पुन्हा वाचायला लावणे’. मात्र त्यानं सगळं लागू होत नाही. ‘डीबग’ (सविस्तर नोंदी), ‘लाइव्ह-रीस्टोर’ (डीमन थांबला तरी कंटेनर चालू ठेवणे) होतं, ‘डेटा-रूट’ला (डेटाची जागा) रीस्टार्टच लागतो.

विश्रामबाग:
आणि नोट्समधली मराठी टीप कौतुकानं फाइलमध्ये चिकटवायला सांगू नका, जेसनमध्ये (ही फाइल लिहायचा साचा) कॉमेंट चालत नाही. ‘मॅक्स-फाइल’चा ३ हा आकडासुद्धा अवतरण चिन्हांत लागतो. रीस्टार्टआधी ‘डॉकरडी’ला (डीमनची कमांड) ‘व्हॅलिडेट’ देऊन फाइल तपासून घ्यायला लावा. याला मी तरी ‘तपासणे’च म्हणतो.