सूचनापेटी ठेवून वाचक जोडले जात नाहीत

काही जण म्हणतात की वाचकांकडून सूचना मागवल्या की वृत्तपत्र लोकांशी जोडलं जातं. मागवणं सोपं आहे हो. त्यावरून बातमीचं नियोजन बदललं का, हे पाहायला हवं.

अमेरिकेतल्या 'शार्लट ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने १९९२च्या निवडणुकीत हे करून दाखवलं. आधी सुमारे हजार रहिवाशांचं सर्वेक्षण केलं, त्यातल्या शेकडो जणांना नागरिक पॅनलवर घेतलं. त्यांच्या मुद्द्यांवरून वार्तांकन आखलं आणि उमेदवारांना लोकांचेच प्रश्न विचारले. उमेदवारांपैकी एक, सिनेटर टेरी सॅनफर्ड, पर्यावरणावर आत्ताच बोलायला तयार नव्हते, तेव्हा संपादक रिच ओपेल यांनी सांगितलं की तुमच्या नावाखालची जागा कोरी छापू. उत्तर आलं! माझ्या मते सगळ्या प्रयोगाचं बळ त्या कोऱ्या जागेत होतं, कारण वाचकांच्या प्रश्नाला बगल देणं सर्वांना दिसलं असतं.

आपल्याकडे पालिका निवडणुकीत हे करायचं तर नुसता ऑनलाइन फॉर्म नको. त्यात आधीपासून वाचणारेच बोलतात. रेशन दुकान, एसटी स्टँड, दवाखान्याची रांग इथे जाऊन विचारा. 'महत्त्वाचा प्रश्न कोणता?' असं विचारलं तर 'पाणी' एवढंच उत्तर मिळतं. 'मतं मागायला येणाऱ्यांनी कशावर बोलावं?' असं विचारलं की नळाची वेळ, टँकरचा दर, कोणती गल्ली, सगळं बाहेर येतं. आणि बातमी छापून आल्यावर ज्यांनी प्रश्न दिला त्यांना कळवा. बहुतेक उपक्रम इथेच गळपटतात.