'ॲ' अक्षराचं उदाहरण

'सगळ्यांना विचारत बसलं की मानक कधीच पुरं होत नाही, पाच-सात जाणकारांवर सोपवावं,' हे मानकं (सगळ्यांनी पाळायचे ठरलेले नियम) कोणी ठरवावीत या चर्चेत आलेलं मत मला अर्धंच पटतं. मसुदा लिहायला मोजकेच हात हवेत, कबूल. पण नेमकं काय अडतंय, हे रोज वापरणाऱ्यालाच कळतं.

आपला 'ॲ' बघा. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकात, तो स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 साली, 5.1 आवृत्तीत आला. तोवर 'अ'ला चंद्राची खूण (ॅ) जोडूनच काम चालायचं. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. सांगलीत आमच्या डीटीपीच्या दुकानात वकिलांची यादी लावताना हे भोवलं. 'ॲड.' शोधलं तर निम्मीच नावं सापडली. उरलेली जुन्या पद्धतीने टाइप झालेली. रात्रभर बसून एकेक दुरुस्त केली.

युनिकोडमध्ये नव्या अक्षराचा प्रस्ताव कोणीही पाठवू शकतो, निर्णय मात्र तांत्रिक समिती घेते. ही रचना मला योग्य वाटते. शिवाय एकदा घेतलेलं अक्षर तिथे पुन्हा काढता येत नाही, चुकीचं पडलेलं नावही बदलत नाही. म्हणून हरकती आधीच, उघडपणे मागवायला हव्यात, आणि ते आवाहन मराठीत टाइप करणाऱ्यांपर्यंत पोचायला हवं.