बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये तुम्ही काय खाल्लंत? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये आईबाबा आमच्याकडे येतायत, आई पूर्ण शाकाहारी, बाबांना सगळं चालतं, आणि दोघांना नॉर्थ एंड (बॉस्टनमधली जुनी इटालियन वस्ती) दाखवायचंच आहे. रेस्टॉरंटांच्या याद्या ढीगभर मिळतात, मला तुम्ही स्वतः काय खाल्लंत ते हवंय. सुरुवात मी करते. हॅनोवर स्ट्रीटवर मॉडर्न पेस्ट्री आहे, १९३० पासूनचं दुकान, तिथे कनोली मागितली की ती नळी आपल्यासमोर भरून देतात. तळलेल्या पारीवर करंजीला येतात तसे बारीक फोड, आत रिकोटा (मऊ ताजं चीज), बेताची गोड. घरी नेईपर्यंत मऊ पडते, तिथेच उभ्याउभ्या खा!

—

ताई, दुपारी जाणार असाल तर हॅनोवर स्ट्रीटवरच गॅलेरिया उंबर्टो. फक्त जेवणाच्या वेळेला उघडं असतं, माल संपला की बंद, रोख पैसे न्या आणि लवकर रांगेत लागा. मोठ्या ट्रेमधला जाड चौकोनी सिसिलियन पिझ्झा मिळतो, पण आईंसाठी पान्झारोत्ती घ्या, म्हणजे बटाट्याचं लांबट क्रोकेट, आत मोझरेला. आमच्या सासूबाई म्हणाल्या ह्यात एक हिरवी मिरची हवी होती गं, आणि लगेच दुसरं मागितलं. आरंचिनी म्हणजे भाताचे तळलेले गोळे, त्यात मात्र खिमा असतो, ते बाबांना द्या.

—

शाकाहारी म्हटलंय म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्ही गेलो त्या ठिकाणी (नाव देत नाही) मिनेस्ट्रोने हे भाज्यांचं सूप म्हणून दिलं आणि आईने अर्धा बाऊल संपवल्यावर कळलं की ते चिकन स्टॉकमध्ये शिजवलंय. आई एक शब्द बोलली नाही, पण रात्रीपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही तिने, मला अजून ते आठवलं की पोटात कालवतं. तेव्हापासून मी नुसतं व्हेज आहे का असं विचारत नाही, स्टॉक कशाचा, तळलंय कशात, असं विचारते. स्फोल्यातेल्ला ही इटालियन पेस्ट्री दिसते आपल्या चिरोट्यासारखी पण पारंपरिक पद्धतीत ते पापुद्रे डुकराच्या चरबीने सुटे करतात. आणि अस्सल पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं, हेही आईंना आधी सांगा, ठरवू दे त्यांचं त्यांना.

—

जेवणाइतकंच सेलम स्ट्रीटवरचं पोलकारीज बघा, १९३२ सालचं कॉफीचं दुकान. दार उघडलं की भाजलेल्या कॉफीचा आणि मसाल्यांचा वास एकदम अंगावर येतो, सुट्टी कडधान्यं, वजन करून पुडी, माझे बाबा तिथे अर्धा तास नुसते उभे होते, म्हणाले आमच्या पेठेतल्या वाण्याकडे आल्यासारखं वाटतंय. उन्हाळ्यात लेमन स्लश मिळतो, तो दोघांनाही चालेल.

—

ऑगस्टचा शेवटचा वीकेंड असेल तर सेंट अँथनीचा उत्सव चुकवू नका, १९१९ पासून चालू आहे. रस्त्यावर स्टॉल, कांदा आणि ढोबळी मिरची घातलेले सॉसेज तव्यावर चुरचुरत असतात (बाबांसाठी), आणि रविवारी मूर्ती खांद्यावरून निघते, लोक तिच्या फितींना डॉलरच्या नोटा टाचतात. माझ्या आईने चप्पल काढून नमस्कार केला, शेजारच्या इटालियन आजीबाईंनी तिचा हात धरून तिला पुढे नेलं.